गाणं आजीचं होतं

प्रश्न : मी 43 वर्षांचा आहे, पुण्यात आयटीत काम करतो. 2009 ते 2011 अशी दोन वर्षं कामानिमित्त मेक्सिकोत, ग्वादालाहारा शहरात होतो. तिथे सोबत काम करणाऱ्या एका मुलीशी माझं जुळलं. दर रविवारी तिच्या घरी जेवायला जायचो. तिच्या आजीच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू असायचा, आणि 'इस्तोरिया दे उन आमोर' (एका प्रेमाची गोष्ट) हे जुनं गाणं लागलं की आजी हातातलं काम थांबवायची. ते आमचं गाणं झालं. 2011 मध्ये आईच्या आजारपणामुळे दोन महिन्यांसाठी म्हणून इकडे आलो, तो परत गेलोच नाही. संपर्क कमी होत गेला. 2013 मध्ये लग्न झालं. बायको चांगली आहे, मुलगी 11 वर्षांची आहे, तक्रार करावी असं काही नाही. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून झोप कमी झाली आहे. रात्री सगळे झोपले की हेडफोन लावून तेच गाणं ऐकतो आणि डोळे भरून येतात. कधी गाडीतही लावतो. मुलीनं तर ती चाल कीबोर्डवर बसवली आहे. बायकोला स्पॅनिश येत नाही, त्यामुळे तिला त्रास होण्याचा प्रश्न नाही. आता फेब्रुवारीत कंपनी मला तीन आठवड्यांसाठी त्याच शहरात पाठवते आहे. ती मुलगी मला समाजमाध्यमावर सापडली आहे, तिचंही लग्न झालेलं दिसतं. मेसेज लिहून ठेवला आहे. पाठवू का? भेटू का? बायकोला सांगू का? की माझं एकमेव खरं प्रेम नशिबानं हिरावून घेतलं हे मान्य करून गप्प बसू?

उत्तर :

नमस्कार,

तुमचं मूळ पत्र सहा पानांचं आहे, वर छापलंय ते त्याचं सार. त्यातलं दीड पान नुसतं गाण्यावर आहे. गिटार कुठे एकटी पुढे येते, गायक कुठल्या शब्दावर आवाज खाली आणतो, आजी दगडी खलात मिरच्या वाटता वाटता कशी थांबायची आणि तिच्या हातातला बत्ता कसा तसाच अधांतरी राहायचा. वाचताना मीच त्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. मग चौथ्या पानावर, एका लांबलचक वाक्याच्या पोटात, हे सापडलं : 'तिची शेवटची मेल आली होती, येणार आहेस की नाही एवढंच सांग म्हणून, तिला उत्तर द्यायचं राहून गेलं.'

राहून गेलं. आपल्या भाषेनं ही मोठीच सोय करून ठेवली आहे. विरजण लावायचं राहून गेलं, विजेचं बिल भरायचं राहून गेलं. काम झालं नाही एवढं कळतं, ते कुणी केलं नाही याचा पत्ता लागत नाही. मीसुद्धा दिवसातून चार वेळा ही सोय वापरते. पण तुमच्या या वाक्यात कर्ता घालून एकदा मोठ्यानं म्हणून बघा : 'मी तिला उत्तर दिलं नाही.' पाच शब्द आहेत. दीड पान गाण्याखाली हेच पाच शब्द झाकलेले असावेत असा माझा अंदाज आहे. रागावू नका, अजून थोडं वाचा.

तुमच्या पत्रात 'नशीब' बऱ्याचदा आलंय, 'हिरावून घेतलं' तर दर पानावर. हे शब्द तुम्हाला त्या गाण्यानं पुरवले आहेत असं मला वाटतं. म्हणून आधी गाण्याबद्दल बोलू. मला स्पॅनिश येत नाही. एक मैत्रीण ती भाषा शिकवते, तिच्याकडून ओळ न् ओळ समजून घेतली.

हे गाणं 1955 सालचं. पनामाच्या कार्लोस एलेता आल्मारान यांचं. हा माणूस कोपऱ्यात बसून झुरणारा कवी नव्हता. पक्का उद्योजक, पुढे टीव्हीच्या धंद्यात उतरला, आणि रोबेर्तो दुरान या जगज्जेत्या मुष्टियोद्ध्याचा मॅनेजरही झाला. (हे कळल्यापासून ते गाणं लागलं की मला मागे ठोसे ऐकू येतात, त्याला इलाज नाही.) एलेता यांच्या भावाची बायको वारली, त्या दुःखातून त्यांनी हे लिहिलं. म्हणजे वियोग भावाचा, आणि 'तू आता माझ्यापाशी नाहीस, काळजा' असं म्हणतोय दुसराच. पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, मेक्सिकोत याच नावाचा चित्रपट निघाला, त्यात लिबेर्ताद लामार्के होत्या. मग गाणं सगळीकडे गेलं. चिनी भाषेतसुद्धा ते गायलं जातं.

आता त्यातला मजकूर बघा. गाणारा देवाला विचारतो की मला प्रेम करायला लावलंस ते आणखी दुःख द्यायलाच का. ज्या प्रेमानं दिवा लावला त्यानंच तो विझवला, म्हणतो. हा जाब देवालाच विचारावा असा आहे, कारण जे घडलं त्यात माणसाचा हात नव्हता. त्या घरातली बाई मरण पावली होती. तिथे कुणाच्या मेलला उत्तर द्यायचं राहून गेलं नव्हतं.

आजीचं आणि या गाण्याचं नातं सरळ होतं. आजोबा तुम्ही तिथे जाण्याआधीच गेले होते, असं तुम्हीच लिहिलं आहे. बत्ता थांबायचा तो त्यांच्यासाठी. आणि तुम्ही दोघं त्या वेळी काय करत होता? तेही तुम्हीच लिहिलंय : टेबलाखाली एकमेकांच्या पायावर पाय देऊन हसू दाबत होता. म्हणजे तीन माणसं एकच गाणं ऐकत होती आणि त्यातल्या दोघांना विरहाचा गंधसुद्धा नव्हता. तुमच्यासाठी ते रविवारच्या जेवणाचं गाणं होतं, सुखाचं गाणं. आजीचं दुःख तुम्ही नंतर अंगात घातलंत, आणि ते नेमकं बसलं.

बसणारच. या जातीच्या गाण्यांना बोलेरो म्हणतात. 1883 च्या सुमाराला क्यूबातल्या सांतियागो शहरात पेपे सांचेस यांनी बांधलेलं एक गाणं या प्रकारातलं पहिलं मानतात, आणि हे पेपे सांचेस पेशानं शिंपी होते. मला ही गोष्ट फार आवडते. क्यूबात शिवलं गेलेलं हे कापड मेक्सिकोत आलं, तिथून सगळ्या खंडाच्या अंगावर चढलं, आणि 2023 मध्ये युनेस्कोनं या दोन देशांच्या बोलेरोला मानवतेच्या अमूर्त वारशात जागा दिली. ही गाणी ज्यानं लिहिली त्याच्याच अंगाची असतात असंही नाही. तुमच्या त्याच ग्वादालाहारात लहानाच्या मोठ्या झालेल्या कोन्सुएलो वेलास्केस यांनी चुंबनाची आर्जवं करणारं 'बेसामे मूचो' लिहिलं, तेव्हा आपल्याला चुंबन ठाऊकच नव्हतं असं त्या स्वतः सांगायच्या. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? ज्ञानेश्वर विरहिणी होऊन कावळ्याला शकुन विचारतात. फेटा बांधलेला शाहीर बाईच्या तोंडून साजणाला हाका मारतो, आणि ऐकणारा गावभर आपापल्या साजणीची आठवण काढत घरी जातो.

गाणं खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. दुसऱ्याच्या मापाचं दुःख आपल्याला घालून बघता येतं यासाठीच तर गाणी असतात. फक्त कपडा अंगाला बेतशीर बसला म्हणून शिंप्यानं माप आपलंच घेतलं होतं असं समजू नये.

मग रडू येतं ते कशाचं? ते तर खरं आहे, तुमच्या उशीवर आहे.

थोडं त्या मुलीचं असेल. थोडं 27 वर्षांच्या तुमचं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली, स्वतःच्या हातचा कच्चा भात, विचारायला कुणी नाही. एका जागी तुम्ही लिहिता, 'स्पॅनिशमध्ये मी विनोदी होतो.' सबंध पत्रातलं हे माझं सगळ्यात आवडतं वाक्य. नव्या भाषेत माणूस नवा होतो, आणि त्या भाषेत बायकामाणसांना 'काळजा' म्हणून हाक मारायला कुणी लाजत नाही. आपल्याकडे नवरा बायकोला 'अगं ऐकलंस का' म्हणतो तेच पुष्कळ. तो विनोदी, लाडिक तुम्ही विमानातून उतरलात आणि कुणाला न भेटता कपाटात गेलात. त्याची ओढ लागावी यात काय नवल? 'नॉस्टॅल्जिया' हा शब्दच मुळात माणसाच्या विरहासाठी नव्हता. 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या तरुणानं बासेलमध्ये वैद्यकीचा प्रबंध लिहिताना तो घडवला, परमुलखात असलेल्या स्विस माणसांना घराची जी ओढ लागायची त्या दुखण्याचं नाव म्हणून. परतणं आणि वेदना, एवढेच दोन ग्रीक तुकडे आहेत त्यात. तुम्हाला जिथे परतायचं आहे ते ठिकाण एक बाई आहे की एक वय आहे, हे तुम्हीच शोधायचं. मानसशास्त्रज्ञ सांगतात की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे जन्मभर इतरांपेक्षा ठळक राहतात. त्यामुळे त्या काळातलं सगळंच, अगदी तिथला पाऊससुद्धा, आजच्या पावसापेक्षा ओला वाटणार.

पण पत्र तिसऱ्यांदा वाचताना मला आणखी एक गोष्ट टोचली. लग्न होऊन बारा वर्षं झाली. त्यातली पहिली अकरा वर्षं तुम्ही हे गाणं ऐकत नव्हता. 'अधूनमधून आठवायचं' एवढंच लिहिलंय. रोज रात्रीचं ऐकणं वर्षभराचं आहे, आणि वर्षभरापूर्वी काय झालं तेही तुम्ही पहिल्याच पानावर लिहून पुढे निघून गेला आहात. आई गेली.

ज्या आईच्या आजारपणासाठी आलात ती. आल्यावर सहा महिन्यांत जिनं स्थळं बघायला सुरुवात केली तीही तीच. तिला तुम्ही मेक्सिकोतल्या मुलीबद्दल कधी सांगितलंच नाही, असंही लिहिलंय. आता ती नाही, आणि तिच्यावर रागावायचीही सोय उरली नाही. आईवर मेल्यावर कोण रागावतं? दिवस घातले, वर्षश्राद्ध झालं, लोक म्हणाले सुटली बिचारी, तुम्ही दुसऱ्या सोमवारी कामावर. रडलात का, हे पत्रात नाही. मग रात्री एक मृत्यूचं गाणं ऐकून तुम्ही ढसाढसा रडता आणि ते रडू एका जिवंत, सुखरूप, ग्वादालाहारात नोकरी करणाऱ्या बाईच्या नावावर मांडता. मी चुकत असेन. तुम्हाला मी पाहिलेलंही नाही. पण एका रात्री ते गाणं ऐकताना डोळ्यांसमोर मुद्दाम आईला आणून बघा. गाणं बसतंय का अंगाला?

आता मेसेज. त्याचा मसुदा मला मूळ स्पॅनिशमध्येच पाठवलात ते बरं केलंत. तीन ओळी आहेत. पहिलीत तुम्ही येताय हे, दुसरीत गाण्याचा उल्लेख, तिसरीत 'ते एक्स्त्रान्यो'. तुझी आठवण येते. यावर माझी मैत्रीण जे म्हणाली ते डोक्यातून जात नाही. 'एक्स्त्रान्यो' याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे परका, अनोळखी. आणि ओढीसाठी त्यांचा जो खास शब्द आहे, 'आन्योरान्सा', तो काताला भाषेतून आलेला, त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'ठाऊक नसणे' या क्रियापदात. तुझं काय झालं ते मला माहीत नाही, यातून ओढ. तुम्हाला तिच्याबद्दल आज काय माहीत आहे? दोन मुलगे, एक कुत्रा, समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो. आजी आहे की गेली, ते नाही माहीत. 2011 च्या उन्हाळ्यात ती रोज सकाळी मेल उघडून काय बघत होती तेही नाही.

तुम्ही रात्री साडेअकराला हा मेसेज पाठवाल तेव्हा तिथे भर दुपारचे बारा वाजलेले असतील. तुमच्याकडे हेडफोन, अंधार आणि गिटार. तिच्याकडे कदाचित मीटिंग, नाहीतर मुलांना शाळेतून आणायची घाई. जिला चौदा वर्षांपूर्वी एका ओळीचं उत्तर हवं होतं आणि मिळालं नाही, तिच्या फोनवर एका मंगळवारी दुपारी तीन ओळी येतात, आणि त्यात त्या एका ओळीचा उल्लेखही नाही. हा मेसेज पाठवू नका. माझं मत विचारलंत म्हणून इतकं स्पष्ट.

याचा अर्थ तिला कधीच काही लिहू नये असा नाही. माफी मागायची असेल तर तो वेगळा कागद आहे. त्यात गाणं नसेल, ओढ नसेल, फेब्रुवारी नसेल. तू विचारलं होतंस, मी उत्तर दिलं नाही, ते भ्याडपणाचं होतं, उत्तराची अपेक्षा नाही. संपलं. ते दिवसाउजेडी, पुण्यातून, प्रवासाच्या आधी किंवा नंतर बऱ्याच अंतरानं जावं. आणि लिहिण्याआधी स्वतःला एक विचारा : तिनं हे वाचून उत्तरच दिलं नाही, तर मला चालेल का? तुम्ही तिला चौदा वर्षं दिलंत तेच ती तुम्हाला देईल, तिचा तो हक्क आहे. 'चालेल' असं मनापासून येईपर्यंत थांबा. माफी मागितल्यानं आपल्याला हलकं वाटतं आणि तिला मात्र जुनी पेटी उघडून बसावं लागतं, असंही होतं. त्यामुळे न मागितलेली माफी हाही कधीकधी सभ्यपणाच असतो. या बाबतीत मी स्वतः दोन्हीकडे झुकत राहिले आहे, तुम्हाला एकच एक उत्तर देत नाही.

भेटण्याबद्दल मात्र झुकत नाही. या फेरीत नको. तीन आठवडे हॉटेलात, संध्याकाळी करायला काही नाही, आणि शहराला लागूनच असलेल्या त्लाकेपाके गावात, खाण्यापिण्याच्या अंगणात, मारियाचीवाले, म्हणजे तिथले पारंपरिक वादक, टेबलाशी येऊन पैसे घेऊन हवं ते गाणं वाजवणार. तुम्ही कुठलं वाजवायला सांगाल ते मला इथे बसून कळतंय. ऑफिसच्या लोकांबरोबर जेवायला जा. जुन्या रस्त्यांवरून एकटे जरूर हिंडा, पण दिवसा. फेब्रुवारीच्या अखेरीला नीलमोहर फुलायला लागलेले असतील, ते बघा. आणि स्पॅनिश मनसोक्त बोला, टॅक्सीवाल्याशी, फळवाल्याशी. तो विनोदी माणूस अजून आहे का ते तिथे कळेल, आणि त्याला कुणा एकीच्या परवानगीची गरज नाही. परत आल्यावर पुण्यात स्पॅनिश बोलणारी मंडळी शोधा, भाषा पुन्हा सुरू करा. तुमच्या पत्रातलं जे काही परत मिळवण्यासारखं आहे त्यात भाषा पहिली.

राहिली बायको. म्हणजे खरं तर ती पहिली यायला हवी होती, पण पत्रात ती अडीच ओळींत आहे म्हणून इथेही मागे पडली.

'तिला स्पॅनिश येत नाही, त्यामुळे त्रासाचा प्रश्न नाही.' पहिल्या रविवारी तुम्हाला तरी कुठे येत होतं? शब्द एक कळला नव्हता, तरी आजीचा हात थांबला ते बघून तुम्हाला सगळं कळलं होतं. तुमच्या बायकोनं गाडीत विचारलं, 'हे कुठलं गाणं?', तुम्ही म्हणालात, 'असंच, जुनं आहे', आणि आवाज कमी केलात. कमी केलेला आवाज कळायला कुठली भाषा लागते?

लग्नाआधीचं प्रत्येक नातं जोडीदारापुढे मांडलंच पाहिजे असं मी मानत नाही. संपलेल्या गोष्टी संपलेल्या राहू द्याव्यात, अनेकांना मी याच सदरात तसं सांगितलं आहे. पण तुमची गोष्ट संपलेली नाही. रोजची रात्र आहे, लिहून ठेवलेला मेसेज आहे, विमानाचं तिकीट आहे. हे सगळं वर्तमानकाळातलं. म्हणून सांगा, आणि जायच्या आदल्या रात्री नाही, निदान महिनाभर आधी, म्हणजे तिला रागवायला, गप्प बसायला आणि पुन्हा प्रश्न विचारायला वेळ मिळेल. मुलगी क्लासला गेली असताना, चहा होऊन गेल्यावर, दिवसा. शब्द साधे ठेवा. 'मेक्सिकोत माझं एका मुलीशी नातं होतं. मी ते सांगून संपवलं नाही, नुसता इकडे निघून आलो. गाडीतलं गाणं तिच्या आजीच्या घरी लागायचं. आई गेल्यापासून मी ते रोज ऐकतोय. फेब्रुवारीत तिथेच जायचंय, तिला भेटणार नाहीये, पण तुला हे माहीत असावं.' एवढं पुरे. 'एकमेव खरं प्रेम' हे शब्द त्यात आणू नका. एक तर ते गाण्याचे आहेत, आणि दुसरं म्हणजे ते ऐकल्यावर तिच्या बारा वर्षांचं काय राहतं? सांगून झाल्यावर तिनं तुमची समजूत काढावी अशी अपेक्षाही धरू नका. ती कदाचित म्हणेल, जाऊ नकोस. कदाचित म्हणेल, मला वाटलंच होतं. तिचंही एखादं गाणं निघेल, तेव्हा 'असंच जुनं आहे' यापेक्षा बरं काहीतरी तिच्या तोंडून येवो अशी इच्छा असेल तर तुम्हाला तसं आधी वागावं लागेल.

मेसेजचा मसुदा पुसा. त्याऐवजी वहीत 2011 चा मार्च ते डिसेंबर लिहून काढा, महिन्यावारी, विशेषणं न लावता. कुठल्या महिन्यात तिची मेल आली, तुम्ही काय केलंत, आईनं काय म्हटलं, तुम्ही काय म्हटलं नाहीत. प्रत्येक वाक्याला कर्ता हवा. हे कुणाला दाखवायचं नाही. आणि गाणं बंद करू नका, बंद केलेल्या गोष्टी रात्री जास्त वाजतात. उजेडात ऐका. वेगवेगळ्या गळ्यांतून ऐका, बाईच्या, त्रिकूटाच्या, चिनी भाषेतल्या. एक शब्द न कळता ते गाणं तसंच कालवतं की नाही बघा.

असंच गाणं उशाशी घेऊन झोपणाऱ्या इतर वाचकांची पत्रंही येतात, त्यातल्या एका गटाला वेगळं सांगायला हवं. ज्यांचा जोडीदार खरोखरच गेला आहे, त्यांना घरचे म्हणतात, आता पुरे, किती दिवस तेच ते ऐकणार. वर मी जे लिहिलंय त्यातलं काहीही तुम्हाला लागू नाही. ते गाणं तुमच्याच मापाचं आहे, हवं तितकं ऐका, हातातलं काम थांबवून ऐका. फक्त झोप, जेवण, कामधाम सुटायला लागलं, जगण्यात अर्थ नाही असं वारंवार वाटू लागलं, तर समुपदेशकाला भेटा. सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तुमच्या कमी झालेल्या झोपेबद्दलही मी हेच सुचवेन. वर्ष हा काळ लहान नाही.

मुलीचं कीबोर्डवर वाजवणं चालू राहू द्या. तिच्यासाठी ती चाल बाबांच्या गाडीतली आहे, बस्स.

आणि एक विचारायचं होतं. चौदा वर्षांपूर्वीच्या, परक्या देशातल्या एका आजीच्या स्वयंपाकघराचं तुम्ही इतकं बारीक वर्णन केलंत, खलाचा दगड कसा सच्छिद्र होता तेसुद्धा. तुमच्या आईच्या स्वयंपाकघरातही रेडिओ असेलच. त्यावर काय लागायचं, आणि काय लागलं की तिचा हात थांबायचा? तेवढं आठवून कळवा.